गुप्तरोग : लपवायचे की बरे करायचे?

एस. टी. स्टँडची भिंत असो की आठवडी बाजारातला विजेचा खांब, 'गुप्तरोगावर खात्रीचा इलाज' ही जाहिरात आपण सर्वांनीच वाचलेली असते. या रोगांविषयी आपल्याकडे उघडपणे बोलतो तो फक्त हा भिंतीवरचा वैदू. घर, शाळा आणि कॉलेज ही तिन्ही गप्प! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. शिक्षणाने मिळालेले शब्द येथे वापरायचे नाहीत, तर कोठे वापरायचे?

लैंगिक संबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातात ते गुप्तरोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १५ ते ४९ वयाच्या १० लाखांहून अधिक लोकांना जगभरात रोज अशा बऱ्या होणाऱ्या रोगांची लागण होते. तेव्हा हा मूठभर 'बदफैली' माणसांचा प्रश्न नव्हे.

यातला एक जुना नावाजलेला रोग म्हणजे उपदंश, अर्थात गरमी. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात तो 'फिरंग रोग' या नावाने येतो. फिरंग्यांच्या संसर्गाने आला, म्हणून हे नाव. त्याचा जंतू १९०५ साली शाउडिन आणि हॉफमन या जर्मन संशोधकांनी शोधला. लागण झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी जननेंद्रियावर एक न दुखणारा व्रण उठतो आणि काही आठवड्यांत तो आपोआप भरून येतो. वैदूचे फावते ते येथेच! व्रण जाणारच असतो, श्रेय मात्र त्याच्या पुडीला मिळते. रोग आत तसाच राहतो. पुढे अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ येते, तेही जाते. आणि कित्येक वर्षांनी हृदयावर किंवा मेंदूवर घाला पडतो. गर्भवतीकडून तो पोटातल्या बाळालाही होतो. म्हणूनच गरोदरपणी रक्ताची तपासणी आवश्यक आहे. इतक्या भयंकर रोगावर इलाज काय? सुरुवातीच्या अवस्थेत बेन्झाथिन पेनिसिलीनचे २४ लाख युनिटांचे एक इंजेक्शन बहुधा पुरते. १९५४ साली स्थापन झालेल्या आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्याने हेच पेनिसिलीन देशात मुबलक केले.

दुसरा रोग परमा. त्याचा जंतू १८७९ साली नायसर यांनी शोधला. पुरुषाला बहुधा आठवड्याभरातच लघवीला जळजळ होते, पू येतो. पूर्वी यावरही पेनिसिलीन चाले. आता जंतू त्याला दाद देत नाहीत, म्हणून सेफ्ट्रिॲक्झोन, सेफिक्झिम अशी औषधे देतात. क्लॅमिडिया हा त्याचाच जोडीदार, पण अधिक मुका. त्यावर सात दिवसांच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या आहेत. गर्भवतीला मात्र डॉक्टर दुसरे औषध देतात. ट्रायकोमोनास या रोगात स्त्रीला खाज सुटते आणि दुर्गंधीयुक्त स्राव होतो. तो मेट्रोनिडाझोलने बरा होतो.

विषाणूंचे रोग निराळे. नागिणीच्या जातीचा हर्पिस औषधाने आटोक्यात राहतो, पण समूळ जात नाही. एचआयव्हीवर सुरुवातीला काहीच उपाय नव्हता. आज रोजच्या गोळ्यांवर माणूस दीर्घायुष्य जगतो आणि या गोळ्या सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. कावीळ 'ब' वर लस आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या एचपीव्हीवरची पहिली भारतीय लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ साली बाजारात आणली.

आता जरा स्त्रियांकडे वळू. परमा आणि क्लॅमिडिया यांची पुष्कळ स्त्रियांत काहीच लक्षणे दिसत नाहीत. जे दिसते त्याला आपल्याकडे 'धुपणी', 'अंगावरून जाणे' म्हणतात आणि बायका ते वर्षानुवर्षे अंगावर काढतात. (प्रत्येक पांढरे जाणे म्हणजे गुप्तरोग नव्हे, हेही खरे, पण वास, खाज, ओटीपोटात दुखणे असेल तर तपासणी हवीच.) आतल्या आत गर्भनलिका सुजते, बुजते आणि मूल होत नाही. नवरा गुपचूप इंजेक्शन घेऊन मोकळा होतो, बायकोला सांगत नाही. तिच्याकडून त्याला रोग पुन्हा होतो, आणि 'वांझ' हा शब्द मात्र तिच्या वाट्याला येतो! एकाने औषध घेऊन भागत नाही; दोघांनीही, एकाच वेळी आणि पूर्ण घ्यावे लागते, तोवर संबंध टाळावे लागतात. हे न सांगणे म्हणजे लाज राखणे नव्हे, तो अन्याय आहे.

हे रोग एका ताटात जेवल्याने, हात धरल्याने होत नाहीत. निरोधचा नियमित वापर केल्यास धोका पुष्कळ कमी होतो. शंका आल्यास सरकारी रुग्णालयातील त्वचा व गुप्तरोग विभागात किंवा 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये जावे. एचआयव्हीसह या रोगांविषयीच्या सल्ल्यासाठी १०९७ हा मोफत दूरध्वनी आहे. औषधाच्या दुकानातून अंदाजाने गोळ्या आणणे किंवा बरे वाटताच त्या सोडणे, दोन्ही घातक.

र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून हे विषय मराठीत मांडले आणि त्यापायी खटले सोसले. आपल्याला तेवढे सोसायचे नाही. दवाखान्याच्या दारात मान खाली न घालता एवढेच विचारायचे आहे, "डॉक्टर, मला तपासता का?"