रा. भा. पाटणकर : कांटपासून ‘अपूर्ण क्रांती’पर्यंत

सुरतेत 1844 साली मानवधर्म सभा स्थापन झाली, तेव्हा दुर्गाराम मंछाराम मेहता यांच्या जोडीला एक मराठी माणूस होता : दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठीचे व्याकरणकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्या काळी ते सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत होते. मंत्र-जादूच्या सामर्थ्याचे दावे करणाऱ्यांना या मंडळींनी उघड आव्हान दिले : करून दाखवा. इमॅन्युएल कांटने ‘प्रबोधन म्हणजे काय’ हा निबंध 1784 मध्ये लिहिला. दुसऱ्याच्या आधारावाचून स्वतःची बुद्धी वापरण्याचे धैर्य ठेवा, हे त्याचे सांगणे. त्यानंतर साठ वर्षांनी, कांटचे नावही कोणाच्या कानी नसेल अशा तापीकाठच्या गावात, तेच धैर्य एका गुजराती आणि एका मराठी शिक्षकाने मिळून दाखवले.

सुरतेला लागून असलेल्या चलथाण, कडोदरा, उधना या पट्ट्यात आज खानदेशातून पोटासाठी आलेली असंख्य मराठी घरे आहेत. साखर कारखाना, कापडाच्या गिरण्या, सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाड्या, एवढ्यात त्यांचे जग आवळलेले दिसते. त्यांच्यासमोर कांटचा विषय कशाला, असे कोणी विचारील. मला हा विषय त्यांचाही वाटतो, आणि तसे वाटण्याला कारण रा. भा. पाटणकर आहेत.

राजाराम भालचंद्र पाटणकर (1927-2004) हे इंग्रजीचे प्राध्यापक. पुढे मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात त्यांची कारकीर्द घडली. ‘ॲस्थेटिक्स अँड लिटररी क्रिटिसिझम’ हे त्यांचे पुस्तक 1969 चे. इंग्रजीत लिहीत राहिले असते तर त्यांना कोणी बोल लावला नसता. पण आयुष्यातले मोठे काम त्यांनी मराठीत केले. ‘सौंदर्यमीमांसा’ 1974 मध्ये आली, पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. क्रोचेवरचे भाष्य आले, आणि 1977 मध्ये ‘कांटची सौंदर्यमीमांसा’. सौंदर्याच्या निवाड्याचा विचार करणाऱ्या कांटच्या तिसऱ्या मीमांसेवर इतक्या बारकाईने लिहिलेले संपूर्ण पुस्तक आपल्या भाषेत आहे, याचा अभिमान आपण पुरेसा बाळगत नाही.

ही पुस्तके कोणत्या भांडणाच्या मध्यावर आली ते लक्षात घ्यायला हवे. फडके-खांडेकरांच्या काळात ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद पेटला आणि पुष्कळदा घोषणांच्या पातळीवरच राहिला. मर्ढेकरांनी त्याला तात्त्विक उंची दिली. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (1955) मध्ये त्यांनी लयीचे नियम मांडले : संवाद, विरोध, समतोल. साहित्यकृतीचे मोल तिच्या घटकांच्या परस्परसंबंधांत शोधा, बाहेरच्या उपयोगात नको, हा त्यांचा आग्रह. बारलिंग्यांनी ‘सौंदर्याचे व्याकरण’ लिहिले, पुढे प्रभाकर पाध्यांचा ‘सौंदर्यानुभव’ आला. मराठीत सौंदर्यशास्त्र हा दोन-तीन दशके खरोखर जिवंत विषय होता.

पाटणकरांनी या वादात कोणाचा झेंडा घेतला नाही. त्यांनी विचारले की, सौंदर्याची संकल्पना मुळात एकाच जातीची आहे, हे गृहीतक तरी कशावरून? त्यांचे उत्तर असे की ती द्विध्रुवात्मक आहे. एका टोकाला कलेला जीवनव्यवहारापासून स्वतंत्र मानणारा विचार, दुसऱ्या टोकाला तिला ज्ञान, नीती, भावना यांच्याशी बांधणारा. दोन्ही टोके खरी आहेत आणि कलाव्यवहार त्यांच्यामधल्या ताणावर चालतो. एक टोक छाटून दुसऱ्यावर सिद्धान्त उभारला की तो व्यवस्थित दिसतो, पण कलेचा अर्धा अनुभव त्यातून निसटतो.

याला बळ देणारा कांटच आहे. त्याच्या मते ‘हे सुंदर आहे’ म्हणताना मी ‘मला आवडते’ एवढेच म्हणत नसतो. सर्वांनी सहमत व्हावे अशी माझी अपेक्षा असते, आणि तरी ते सिद्ध करायला माझ्याजवळ नियम नसतो. दिवाळीत चलथाणच्या चाळीत दारापुढे ठिपक्यांची रांगोळी पडते. ती कशाचे चित्र आहे, कशाच्या उपयोगाची आहे, हे न विचारता आपण थबकतो. फुले, वेलबुट्टी, शब्दांवाचूनचे संगीत ही कांटची उदाहरणे याच जातीची. गिरणीत छापलेल्या साडीवरची नक्षीही त्यात बसेल. पण माणूस, घोडा, इमारत यांचे सौंदर्य जोखताना ती वस्तू काय असायला हवी याची कल्पना आपल्या मनात असतेच, हेही कांटनेच सांगितले. सौंदर्याचा आदर्श त्याला फक्त माणसात सापडतो आणि शेवटाकडे तो सौंदर्याला नैतिकतेचे प्रतीक म्हणतो. कांटला रूपवाद्यांचा आद्यपुरुष ठरवणारे पहिली पाने वाचून थांबतात. पाटणकर थांबले नाहीत, आणि भाष्यकार म्हणून त्यांचे मोठेपण मला इथे दिसते.

वेळही पाहा. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ 1972 चा, ‘सौंदर्यमीमांसा’ त्यानंतर दोन वर्षांनी. वेदना आणि नकार यांना साहित्याच्या निकषांत जागा द्या, अशी मागणी दलित लेखक करत होते. पुढे 1996 मध्ये शरणकुमार लिंबाळे यांनी दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्रावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. शुद्ध लयवादाच्या चौकटीत ही मागणी बाहेरची ठरते. द्विध्रुवात्मकतेत तिला हक्काची जागा आहे. अर्थात एकाच कवितेत दोन्ही टोके एकमेकांवर उठली तर कौल कोणाला द्यायचा, हा प्रश्न उरतोच, आणि त्यावर पुढच्या समीक्षेने जेवढे झटायला हवे होते तेवढी ती झटली नाही.

सिद्धान्त मांडून पाटणकर मोकळे झाले नाहीत. कमल देसाई, शरच्चंद्र मुक्तिबोध, शांताराम यांच्यावर त्यांनी पुस्तके लिहिली. प्रयोगशील कथालेखिका, मार्क्सवादी कवी आणि कथाकार अशी ही निवडच त्यांच्या नजरेची रुंदी सांगते.

आणि 1999 मध्ये आली ‘अपूर्ण क्रांती’. सौंदर्याचा अभ्यासक आयुष्याच्या उतरणीला समाजाकडे वळला, असे काही जण म्हणतात. मला ते वळण वाटत नाही. इंग्रजी राजवटीबरोबर आलेली आधुनिकतेची क्रांती आपल्याकडे पुरी का झाली नाही, हा त्या पुस्तकाचा प्रश्न. अभिरुचीच्या निवाड्यात प्रत्येक माणसाच्या बुद्धीला समान मान देणारा कांट आणि धर्म, जात, राज्य यांबद्दल स्वतः विचार करायला सांगणारा कांट हा एकच आहे. पहिल्याला समजून घेण्यात तीस वर्षे घालवणाऱ्याने दुसऱ्याचा हिशेब आपल्या समाजाकडे मागितला, हे मला सरळ वाटते. दादोबा आणि दुर्गाराम यांनी सुरतेत ज्या कामाला हात घातला, ते कुठे अडकले हे विचारणारे पुस्तक सुरतेच्या मराठी माणसाने वाचायचे नाही तर कोणी?

पाटणकरांचे गद्य सोपे नाही. ते वाचकाला सवलत देत नाहीत. एकेक मुद्दा खंडन, प्रतिखंडन करत पुढे सरकतो आणि घाईने वाचणारा मध्येच सोडून देतो. पण त्यांच्या वाक्यात धूसरपणा नसतो. कष्ट पडतात ते विषयाचे.

सुरत, उधना, चलथाण इथल्या मराठी मंडळांना माझी विनंती आहे. गणपतीचा आणि दिवाळीचा खर्च होतो, त्यातला थोडा भाग ग्रंथांसाठी ठेवा आणि पाटणकरांची ही तीन पुस्तके मंडळाच्या कपाटात आणा. वाचायला बसणाऱ्याने आधी ‘अपूर्ण क्रांती’ घ्यावी, मग ‘सौंदर्यमीमांसा’, आणि कांटवरचे भाष्य शेवटी.