एकवीस हजारांचं बिल!

हॉटेलात दहा जण जेवलात आणि बिल आलं २१,७०० चं, तर? घास घशातच अडकेल की नाही!

एका अमेरिकन प्रवाशाचं असंच झालं. साल १८६७. न्यूयॉर्कहून 'क्वेकर सिटी' ही आगबोट युरोपच्या सफरीला निघाली होती. तिच्यावर होता मार्क ट्वेन. हो, टॉम सॉयरवाला! तेव्हा तो वर्तमानपत्राला प्रवासाची पत्रं पाठवायचा. बोट पोर्तुगालच्या अझोर्स बेटांना लागली. इथं स्वस्ताई आहे, असं ऐकून त्याच्या एका सोबत्यानं (ट्वेन त्याला ब्लूचर म्हणतो) ऐटीत नऊ जणांना मेजवानी दिली.

मग आलं बिल. जेवण ६,००० रेइस, पंचवीस सिगार २,५००, मद्याच्या अकरा बाटल्या १३,२००. करा बेरीज! ब्लूचरचा चेहरा खर्रकन उतरला. शेवटी तो तावातावानं उठला. दीडशे डॉलर घे, वर एक पैही मिळणार नाही, असं त्यानं मालकाला ठणकावलं. मालक गोंधळला, बाहेर गेला आणि तेच बिल डॉलरमध्ये करून घेऊन आला. २१ डॉलर ७० सेंट! अहो, हजार रेइसचा तर एक डॉलर होत होता. ब्लूचरनं लगेच आणखी खाणंपिणं मागवलं म्हणे.

पुढे फ्रान्समधलं मार्सेय. साबणासाठी जगभर नावाजलेलं शहर, पण हॉटेलच्या न्हाणीघरात साबणच नाही! दर वेळी घंटा वाजवून मागवायचा. आणि त्याची आठवण व्हायची कधी? डोकं-तोंड पुरतं भिजल्यावर!