सतराशे तिकिटं, शून्य स्टार

डोंबिवलीच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर गेले चार महिने कुणी जेवलेलं नाही. तिथे स्कॅनर आहे, काळा कार्डपेपर, चिमटा, कडेची छिद्रं मोजायची पट्टी आणि बटरपेपरच्या पाकिटांत सतराशे ऐंशी पोस्टाची तिकिटं. मी जुनी तिकिटं विकतो. दुकान नाही, जे काही आहे ते ऑनलाइन लिलावात. ते बिऱ्हाड आता हलवतोय.

बिऱ्हाड हलवायची ही पहिली खेप नव्हे. सुरुवात बाझी डॉट कॉमवर केली. २००४ मध्ये ती ईबेने विकत घेतली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ईबेची भारतातली साइट बंद झाली. मग एका मोठ्या परदेशी बाजारात पथारी मांडली. गर्दी अफाट, पण मोबाइलची कव्हरं आणि गाड्यांचे सुटे भाग यांच्या ढिगात माझं दीड युरोचं तिकीट शोधणार कोण? वर महिन्याचं भाडं आणि प्रत्येक विक्रीवर टक्का. मार्चअखेर हिशेब मांडला तेव्हा चहापाण्याचे पैसे उरले होते. म्हणून डेलकॅम्प. बेल्जियमची, २००० पासून चालणारी, संग्राहकांची साइट.

माल चढवायला भाचा मदतीला आला. जुन्या साइटवरून एक्सेलची यादी उतरवली, नव्या साइटच्या रकान्यांत बसवली. वर्णनं आली, किमती आल्या. फोटो आले नाहीत. ते जुन्या साइटच्याच सर्व्हरवर होते आणि माझ्याकडे प्रती नव्हत्या. दोष माझाच. म्हणून हा स्कॅनर.

“आणि माझे स्टार?” मी विचारलं. बाराशेच्या वर खरेदीदारांनी दिलेले चांगले शेरे होते.

“मामा, ते नाही येत. इथे तुम्ही नवे.”

वीस वर्षांची पत अशी दारातच राहिली. आता नावापुढे शून्य. पहिल्या महिन्यात तीन नग गेले, तेही एकाच माणसाला.

मोठ्या बाजारात माझी रीत सोपी होती. बोली एका डॉलरच्या आत सुरू करायची, वर्णनात ‘वापरलेलं, स्थिती चांगली, फोटो पाहा’ एवढंच लिहायचं. दोन हौशी भिडले की भाव आपोआप चढायचा. इथे पहिली बोली बहुतेक वेळा शेवटचीच असते. एक युरोला सोडलं तर एक युरोलाच जातं. त्यामुळे भाव मलाच ठरवावा लागतो, आणि त्यासाठी आपण नेमकं काय विकतोय ते कळावं लागतं. खरं सांगतो, इतकी वर्षं ते मला नीटसं कळत नव्हतं.

उदाहरण देतो. पोर्तुगीज अमलातल्या गोवा, दमण, दीवची तिकिटं माझ्याकडे दीडेकशे आहेत. १९५७ ची नकाशाची मालिका दिसायला सुरेख, पण स्वस्त. १९५९ मध्ये तिथलं रुपिया-टांगा चलन जाऊन एस्कुदो आला, तेव्हा जुन्या तिकिटांवर नवा दर छापून तीच वापरली. असं एक वापरलेलं तिकीट मी दीड युरोला लावलं. लिस्बनहून फ्रेंचमध्ये प्रश्न आला: शिक्का कुठला? भिंग घेतलं, तिकीट खिडकीपाशी तिरकं धरलं. शाईचा अर्धा गोल, त्यात पाच अक्षरं लागली. म्हापसा. त्या गृहस्थांना तिकीट नकोच होतं, गावाचा शिक्का हवा होता. तिकीट काढून घेतलं, शीर्षकात ‘म्हापशाचा शिक्का’ घालून पुन्हा लिलावात ठेवलं. या वेळी दोन जण भिडले आणि ते अकरा युरोला गेलं.

तेव्हापासून प्रत्येक तिकीट उलटं करून बघतो. पाठीमागे गोंद आहे का, दमट हवेने पिवळा पडलाय का, हिंजची (वहीत तिकीट लावायच्या त्या कागदी बिजागरीची) खूण आहे का. मागच्या बाजूचाही फोटो टाकतो. कॅटलॉगचे आकडेही बदलावे लागले. मी सगळीकडे इंग्रजांच्या गिबन्सचा नंबर लिहायचो; जर्मन मिशेल बघतात, फ्रेंच इव्हेर. दिवसाला पंधरा नग झाले तर खूप. लिलाव रविवारी युरोपच्या रात्री आठला संपेल असा लावतो. म्हणजे हिवाळ्यात आपले साडेबारा, आणि घरात ओरडा.

भोर संस्थानची काही तिकिटं आहेत, १९०१ ची, पंतसचिवांचं चित्र असलेली. त्यांना परदेशातून विचारणा येते, पण ती मी बाहेर पाठवत नाही. शंभर वर्षांवरच्या कलावस्तू आणि नाणी देशाबाहेर न्यायला १९७२ च्या कायद्याने मनाई आहे. तिकीट त्यात मोडतं का, यावर विक्रेत्यांत वाद आहे. मी वादात पडत नाही. भोरची तिकिटं देशातच विकतो.

आजपर्यंत सहाशे चाळीस नग चढले, एकतीस शेरे जमले. जुन्या बाजारातलं दुकान अजून बंद केलेलं नाही. भाडं चालू आहे.