एका मोठ्या संख्येची परीक्षा

दोनाचा बत्तिसावा घात घेऊन त्यांत एक मिळविला, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या येते. दिसण्यांत ती इतर संख्यांसारखीच आहे. परंतु तिला निःशेष भाग जातो कीं नाहीं, हा प्रश्न सुमारें ब्याण्णव वर्षें अनिर्णीत होता.

फ्रान्सांतील तुलूझ येथें पिएर द फेर्मा हे न्यायाधिकारी होते. गणित हा त्यांचा केवळ फावल्या वेळचा छंद. पण त्यांत पंडितांनींही त्यांचा हेवा करावा! इ. स. १६४० च्या सुमारास त्यांना असें आढळलें कीं, दोनाचा पहिला, दुसरा, चौथा, आठवा व सोळावा घात घेऊन प्रत्येकांत एक मिळविला असतां ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या येतात, आणि या पांचही मूळ संख्या आहेत. म्हणजे एक व ती संख्या यांवांचून त्यांस दुसरा भाजक नाहीं. घात असेच दुप्पट करीत गेल्यास पुढेंही मूळ संख्याच मिळतील, असें त्यांचें मत झालें. मात्र सिद्धता आपणांस साधली नाहीं, हें त्यांनीं प्रांजळपणें लिहिलें.

आपली संख्या या मालिकेंतील सहावी. ती मूळ आहे असें नुसत्या भागाकारानें ठरवावयाचें, तर ६,५४२ मूळ संख्यांनीं भागून पाहावें लागेल. गोल्डबाख यानें १७२९ सालीं पत्रानें हा विषय ऑयलरपुढें ठेविला. ऑयलर तेव्हां रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथें होता. १७३२ सालीं पंचवीस वर्षांच्या त्या तरुणानें भाजक काढून दाखविला: ६४१. या संख्येच्या कोणत्याही मूळ भाजकास ६४ नें भागतां बाकी १ च उरली पाहिजे, हें त्यानें पुढें सिद्ध केलें. अशा मूळ संख्या क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१. चार भागाकार व्यर्थ जातात. पांचवा सुटतो, व भागाकार ६७,००,४१७ येतो.

विद्यार्थ्यांनीं हा भागाकार पाटीवर अवश्य करून पाहावा. पण त्यावांचूनही खात्री पटते, व ती रीत फार सुंदर आहे. ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६. म्हणून १६ म्हणजे ६४१ उणे ६२५. दोनाचा बत्तिसावा घात म्हणजे १६ गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात. येथें १६ च्या जागीं ‘६४१ उणे ६२५’ घालावें. पहिल्या पदास ६४१ नें भाग जाणारच. दुसरें पद, जें वजा करावयाचें, तें ६२५ गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात. यांपैकीं ६२५ हा पांचाचा चौथा घात व दुसरा १२८ चा चौथा घात. अर्थात् गुणाकार ६४० चा चौथा घात झाला. आतां आपल्या संख्येंतील सुटा १ हिशेबांत घेतला, म्हणजे वजा करावयाचें तें ‘६४० चा चौथा घात उणे १’ इतकें राहतें. आणि त्याचे अवयव पाडतांना ‘६४० अधिक १’ हा एक अवयव निघतोच.

६५,५३७ च्या पुढें या मालिकेंत एकही मूळ संख्या अद्याप सांपडलेली नाहीं. दोनाचा १०,४८,५७६ वा घात अधिक १ ही याच मालिकेंतील ३,१५,६५३ अंकी संख्या. ती मूळ नव्हे, हें यंत्रगणनेनें सिद्ध होऊन १९८८ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु तिचा एकही अवयव अजून कोणाच्या हातीं लागलेला नाहीं.