देवळालीचा ताप

ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात नाशिक तालुक्यातलं एक गाव कायमचं मुक्कामाला आहे. 'डूलॅली' असा त्याचा तिथला उच्चार, आणि अर्थ म्हणाल तर डोकं फिरलेला, भ्रमिष्ट, चक्रम. ब्रिटनमध्ये हा शब्द आजही घरगुती आहे. आजीने चष्मा फ्रीजमध्ये ठेवला आणि घरभर शोधला, तर नातवंडं म्हणतील की आजी डूलॅली व्हायला लागली. आपल्याकडे 'सटकली' म्हणताना जसं अर्धं हसू असतं, तसंच तेही. आपण एका मराठी गावाचं नाव घेतोय, याचा त्या नातवंडांना बहुधा पत्ता नसतो.

ते गाव म्हणजे देवळाली.

मुंबईहून निघालेली गाडी कसारा घाट चढते, इगतपुरी आणि घोटी मागे पडतात, लहवित जातं आणि देवळाली येते. पुढचं स्टेशन नाशिकरोड. म्हणून देवळालीची पाटी दिसली की डब्यातले नाशिककर सीटखालच्या बॅगा ओढू लागतात, पेंगणाऱ्या पोरांना उठवून चपला शोधायला लावतात. आपल्या लेखी देवळाली म्हणजे घर आलं. ज्यांनी हा शब्द इंग्रजीत नेला त्यांनाही इथे घराचेच वेध लागलेले असत. फक्त त्यांची गाडी पुढे सरकत नसे.

बोटीची वाट

१८५७च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींचं प्रमाण वाढवलं. एवढी माणसं विलायतेहून आणायची आणि मुदत भरली की परत धाडायची, तर बंदराच्या मागे एखादा प्रशस्त तळ हवा. मुंबईत जागा अपुरी आणि हवा दमट. घाटमाथ्यावर, सुमारे १८०० फूट उंचीवरची देवळाली त्या मानाने कोरडी आणि थंड. बहुतेक नोंदी इथल्या तळाचं साल १८६१ देतात. १८६५मध्ये थळ घाटातून, म्हणजे आपल्या कसारा घाटातून, लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबई बंदर एका प्रवासाच्या टप्प्यात आलं. विलायतेहून उतरलेल्या तुकड्या इथे दम खायच्या आणि मग देशभर पांगायच्या. परतणाऱ्या तुकड्या देशभरातून इथे गोळा व्हायच्या. देवळाली कॅम्पातल्या एका रस्त्याला आजही रेस्ट कॅम्प रोड म्हणतात, ते याच विश्रांतीमुळे.

फौजेच्या ने-आणीसाठी १८६०च्या दशकात पाच खास जहाजं बांधली गेली: क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस. पुढे १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि आफ्रिकेचा वळसा वाचला. पण फौजी बोटी बारमाही नसत. तांबड्या समुद्रातला उन्हाळा आणि अरबी समुद्रातला पावसाळा टाळायचा, म्हणून ही ने-आण साधारण शरद ऋतूत सुरू होई आणि मार्चच्या आसपास थांबे. आता एखाद्या सोजीराची, म्हणजे गोऱ्या शिपायाची, नोकरी नेमकी हंगामाची शेवटची बोट सुटल्यावर संपली तर? त्याने देवळालीत बसायचं. वैशाखाचं ऊन काढायचं, मग चार महिने कौलांवरचा पाऊस ऐकायचा आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला बोटीची वर्दी येते का ते पाहायचं.

या बसून राहण्याचं वर्णन फ्रँक रिचर्ड्स या शिपायाने केलं आहे. वेल्समधल्या ब्लेना गावचा हा कोळसा खाणकामगार 'रॉयल वेल्श फ्युजिलियर्स' पलटणीत भरती झाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीची काही वर्षं त्याने हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात काढली. 'ओल्ड सोल्जर साहिब' हे त्याचं आठवणींचं पुस्तक १९३६ साली निघालं. तो लिहितो त्याचा मथितार्थ असा: मुदत संपलेल्या माणसांना देवळालीत महिनोन् महिने बोटीची वाट पाहावी लागे. त्यांना फारसं काम नसे. पलटणीत असताना ज्यांच्या नावावर डाग नव्हता, अशी माणसंही इथे बिघडत. कुणी रोग जोडून घेई, कुणी गुन्हा करून तुरुंगात जाई. एखादा विचित्र वागू लागला की सोबती म्हणत, याला 'डूलॅली टॅप' झालाय.

या म्हणीचा उगम कॅम्पातल्या कंटाळ्यात असावा, असं रिचर्ड्स सांगतो. तेही 'मला वाटतं' अशी पुस्ती जोडून. बराकीत पडून राहिलेल्या माणसाने दिलेली व्युत्पत्ती आहे ही. देवळालीच्या लष्करी इस्पितळात मनोरुग्ण ठेवत, त्यावरून शब्द आला, असंही काही जण सांगतात. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असायला हरकत नाही. पण शब्दाची ठेवण मला रिचर्ड्सच्या बाजूची वाटते. सोजीरांची ही थट्टा आपल्यासारख्याच, कालपर्यंत शहाण्या असलेल्या सोबत्याबद्दल होती. मराठीत ती एका ओळीत मावते: वाट पाहून पाहून वाट लागली.

ळ गेला, ताप राहिला

आता शब्दाचं शरीर पाहू. देवळाली आपण म्हणतो तेव्हा 'व'वर फार थांबत नाही. दे-व्ळा-ली, तीन ठेके. इंग्रजीतही तीनच ठेके राहिले, पण आतला ऐवज बदलला. आपला 'द' दातांवर, त्यांचा हिरड्यांवर, त्यामुळे तो आपल्याला 'ड' ऐकू येतो. 'देव'चं 'देओ' आणि 'देओ'चं 'डू' झालं. जीभ मागे वळवून टाळूवर आपटणारा आपला 'ळ' त्यांच्या तोंडात बसेना. तो सपाट 'ल' झाला आणि शेजारच्या 'ल'ला जाऊन मिळाला. उरलं ते लल्लऽलल्ल करणारं, बोबडं बोलल्यासारखं ध्वनिचित्र. वेडेपणाला इतका शोभणारा आवाज शोधून सापडला नसता. एखादं कठोर नाव असतं, समजा त्र्यंबक किंवा दिंडोरी, तर हा शब्द एवढा टिकला असता का, अशी शंका येते.

दुसरा तुकडा 'टॅप'. इंग्रजी कानाला यात डोक्यावर बोट आपटल्याची टकटक ऐकू येते. मुळात मात्र तो हिंदुस्थानीतला 'तप', म्हणजे आपला ताप. बाजारात, भिश्त्याकडून, धोब्याकडून सोजीरांच्या कानी पडला असणार. संस्कृत 'तप्' हा त्याचा धातू. फारसीतला ज्वरवाचक 'तब' त्याच कुळातला, आणि लॅटिनमधून इंग्रजीत गेलेला 'टेपिड', म्हणजे कोमट, हाही त्याच घराण्यातला. इंग्रजांच्या घरी या कुळाचं कोमट भावंड आधीपासून नांदत होतं. देवळालीत त्यांना त्याचा कढत भाऊ भेटला.

अंगातली उष्णता मनात शिरली की काय होतं, हे मराठीला शिकवावं लागत नाही. ताप, संताप, मनस्ताप, पश्चात्ताप अशी उतरंडच आपल्याकडे आहे. थर्मामीटर न लावता आपण 'डोक्याला ताप' म्हणतो. सोजीरांनी हिवतापाच्या मुलखात राहून नेमकी तीच उडी मारली. पुढे इंग्रजीने ताप टाकून दिला आणि नुसतं गाव ठेवलं. आपण गाव विसरलो आणि ताप जपला.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. आपण 'सोल्जर'चा सोजीर केला, बराक आणि कॅम्प तर जसेच्या तसे घेतले. त्यांनी 'देखो'चा 'डेको', 'खूश'चा 'कुशी' आणि 'विलायती'चा 'ब्लायटी' केला. हा शेवटचा शब्द त्यांनी स्वतःच्या मायदेशासाठी वापरला. घराला परक्यांनी दिलेलं नाव उचलून घराची ओढ सांगायची, आणि घराच्या वाटेवरच्या खोळंब्याला देवळालीचं नाव द्यायचं. दोन्ही शब्द एकाच पिशवीतून विलायतेला गेले.

शेजारचं भगूर

देवळाली कॅम्पाला लागूनच भगूर आहे. तिथे २८ मे १८८३ रोजी विनायक दामोदर सावरकरांचा जन्म झाला. त्यानंतर दहाच दिवसांनी, ७ जून १८८३ रोजी, तिकडे वेल्समध्ये फ्रँक रिचर्ड्स जन्मला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक जिल्ह्यावरचा सोळावा खंडही त्याच सालचा. योगायोगाला जास्त खेचू नये, पण हा सोडवतही नाही. एकाने पुढे भाषाशुद्धीची चळवळ उभारली आणि परक्या शब्दांना 'महापौर', 'हुतात्मा', 'दिग्दर्शक' असे पर्याय दिले. दुसऱ्याने शेजारच्या गावाचं नाव इंग्रजीत कसं घुसलं याची साक्ष लिहून ठेवली. इंग्रजीने मात्र देवळालीला बाहेर काढायची चळवळ काही केली नाही.

छापील कोशात हा शब्द १९२५ साली दिसतो. फ्रेझर आणि गिबन्स यांनी पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या आणि खलाशांच्या बोलीचा जो संग्रह केला, त्यात तो आहे. दुसऱ्या महायुद्धात देवळालीला आलेल्या तोफखान्याच्या शिपायांत जिमी पेरी होता. तो तिथल्या करमणूक पथकात काम करी. त्याने डेव्हिड क्रॉफ्टबरोबर बीबीसीसाठी लिहिलेली 'इट एन्ट हाफ हॉट, मम' ही विनोदी मालिका १९७४ ते १९८१ अशी चालली आणि सुरुवातीला तिचं कथानक देवळालीतच घडत होतं. २००९ साली पुण्यात 'डूलॅली' याच नावाने बिअर गाळण्याचा व्यवसाय सुरू झाला. त्यांच्या बैठकीच्या जागांना 'टॅपरूम' म्हणतात. तापाचा नळ झाला आणि शब्द घाट चढून महाराष्ट्रात परतला, तोही फेसाळत.

गावाच्या नावावर एखादी अवस्था गोंदवण्याची रीत आपल्यालाही परकी नाही. १७६१च्या लढाईनंतर 'पानिपत होणं' हा वाक्प्रचारच झाला, मग ते निवडणुकीतलं असो की क्रिकेटमधलं. एखाद्याला 'ठाण्याला न्या' किंवा 'येरवड्याला पाठवा' म्हणताना आपण तिथल्या मनोरुग्णालयांकडे बोट दाखवतो. लंडनच्या बेथलेम इस्पितळावरून इंग्रजीत 'बेडलम', म्हणजे गोंधळ, आला तोही याच रीतीने. ठाणेकरांनी असल्या विनोदावर रुसावं की हसावं, हा त्यांचा प्रश्न. देवळालीकरांपुढे तो येत नाही, कारण ही बदनामी त्यांच्या कानापर्यंत पोहोचलेलीच नाही.

आजची देवळाली तोफखान्याची. फाळणीच्या वेळी, १९४७ साली, काकूलचं तोफखाना प्रशिक्षण विद्यालय इथे आलं. लॅम रोडवर जुने बंगले आणि आरोग्यधामं आहेत. मुंबईकर इथे हवापालटाला येतात आणि ताप उतरवून जातात. ज्या हवेची ख्याती बरं करण्याची, तिच्यावर वेड लावल्याचा आरोप आहे. हवा बिचारी निर्दोष. दोष वेळापत्रकाचा होता.

अधूनमधून रात्रीची गाडी देवळालीला येते आणि तिथेच राहते, कारण पुढचा सिग्नल मिळालेला नसतो. बॅगा खांद्यावर घेऊन माणसं दारात उभी असतात, घरी फोन करून 'पाच मिनिटांत पोहोचतो' हे तिसऱ्यांदा सांगून झालेलं असतं. घर जेमतेम दहा मिनिटांवर, आणि चाक हलत नाही. मग दारातला कुणीतरी हताशपणे बॅग खाली टेकवतो आणि म्हणतो, "काय ताप आहे राव!"