जोडी फुटते, तेव्हा मजुरीही फुटते

घटस्फोटानंतर कोणाच्या हाती किती उरते, हा वाद अमेरिकेत १९८५ साली गाजला. विभक्त बायकांचे राहणीमान ७३ टक्क्यांनी घसरते आणि पुरुषांचे ४२ टक्क्यांनी वाढते, असे समाजशास्त्रज्ञ लेनोर वाइट्झमन यांनी लिहिले. १९९६ साली रिचर्ड पीटरसन यांनी तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा घसरण २७ टक्के आणि वाढ १० टक्के निघाली. आकडे खाली आले, पण दिशा बदलली नाही.

शहापूर-मुरबाडच्या आदिवासी वाड्यांवर काडीमोड बहुधा कोर्टात पोहोचतच नाही. तरी फटका बसतोच. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. तिथे उचल जोडप्याला मिळते आणि मजुरी हजार विटांमागे ठरते. जोडी फुटली की नवऱ्याच्याही विटा कमी पडतात. पण एकट्या पुरुषाला दुसरीकडे बिगारी तरी मिळते. एकट्या बाईला भट्टीवर काम मिळणे कठीण. ती मुलांना घेऊन माहेरी येते. लावणी-कापणीचे दिवस सरले की हाताला काम नसते आणि रेशनकार्डावरचे नाव सासरीच राहिलेले असते.

मग ताटातली डाळ-भाजी आटते, तीही आधी आईच्या ताटातली. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) दिसले आहे. रक्त कमी झाले की लवकर दम लागतो, काम कमी होते आणि कामावर मोजली जाणारी मजुरीही घटते. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात, त्या घ्यायलाच हव्यात. पण रिकाम्या ताटावर गोळी हा उपाय नव्हे.

पोटगी मागायला घटस्फोटाचा कागद लागत नाही, हे अनेकींना ठाऊक नसते. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू नसला, तरी पोटगीचे पूर्वीचे कलम १२५, म्हणजे जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, सर्व समाजांतील पत्नींसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. म्हणून अर्जाला उशीर करू नये. तालुका विधी सेवा समितीकडून स्त्रियांना वकील मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो.

अशक्तपणाची तक्रार घेऊन आलेल्या बाईला घरी कमावते कोण, हेही विचारायला हवे.