डहाणू ते अर्नाळा, अष्टमीच्या पाण्यावर

क्रोएशियातल्या स्प्लिटला किंवा ग्रीसमधल्या लेफकाडाला आठवड्यासाठी कॅटमरान भाड्याने घेतली की बंदरातला माणूस बरंच काही समजावून सांगतो. नांगराची साखळी किती सोडायची, गोडं पाणी किती दिवस पुरेल, एड्रियाटिकमध्ये बोरा सुटला किंवा आयोनियनमध्ये वायव्येचा वारा उठला तर कुठल्या आडोशाला शिरायचं. भरती-ओहोटीचं कोष्टक मात्र तो हातात ठेवत नाही, कारण त्याची गरजच पडत नाही. भूमध्य समुद्र महासागराला जोडलेला आहे तो जिब्राल्टरच्या चिंचोळ्या दारातून, आणि अटलांटिकची भरती त्या दारातून पुरेशी आत येण्याआधीच ओहोटी लागते. व्हेनिस आणि ट्युनिशियातलं गाबेस अशा थोड्या जागा सोडल्या तर तिथलं पाणी दिवसभरात वीत-दोन वीत वर-खाली होतं. आपल्याकडचे सहलवाले सांतोरिनीला जी पाच तासांची कॅटमरानची फेरी घेतात, तिच्यात ज्वालामुखीच्या बेटाजवळचे गरम झरे, लाल किनारा, बोटीवरचं जेवण आणि सूर्यास्त एवढं सगळं बसतं. संध्याकाळी उतरताना धक्का आणि पाणी दोन्ही सकाळी होते तिथेच असतात.

पालघर जिल्ह्यात धक्का जागेवर असतो, पाणी नसतं. मुंबईत उधाणाला समुद्र चार मीटरहून जास्त चढ-उतार करतो. तिथून उत्तरेला जावं तसा हा फरक वाढत जातो आणि खंबायतच्या आखातात, भावनगरच्या बाजूला, दहा मीटरच्या आसपास पोचतो. इथली समुद्रबूड जमीन तीनशे किलोमीटरच्या आसपास रुंद आणि उथळ आहे, पुढे आखात निमुळतं होत गेलेलं. त्यामुळे आत शिरणाऱ्या पाण्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. केळव्याच्या किंवा शिरगावच्या वाळूवर ओहोटीच्या वेळी आलेल्या पाहुण्याला समुद्र शोधत चालावं लागतं, ते यामुळेच.

या किनाऱ्यावर शिडाची सफर का होत नाही असं विचारलं की लोक पाण्याकडे बोट दाखवतात: गढूळ, उथळ, चिखलाचं. मला हे पटत नाही. शिडाने जायला हा किनारा फार चांगला आहे. फक्त इथे वेळापत्रक माणसाने ठरवायचं नसतं, तिथीने ठरवायचं असतं.

भूमध्याकडच्या माणसाला हे पाणी पहिल्यांदा भेटलं तेव्हा तो चांगलाच हादरला होता. इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये अलेक्झांडरचं आरमार सिंधूच्या मुखाशी आलं आणि ओहोटीने जहाजं चिखलात बसली. पुन्हा पाणी चढताना त्यांची मोडतोड झाली, असं ग्रीक इतिहासकार ॲरियन लिहितो. पुढे पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ लिहिलं. त्यात भडोचच्या, म्हणजे बारिगाझाच्या, भरतीचं वर्णन धास्तीने केलेलं आहे. समुद्राचा तळ अचानक उघडा पडतो, जमीन होती तिथे समुद्र येतो, अमावस्या-पौर्णिमेला हे सगळं वाढतं, असं तो नोंदवतो. परक्या जहाजांना आत आणायला राजाच्या चाकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, हेही त्याने लिहून ठेवलं आहे. इटलीची दारू आणि भूमध्यातलं पोवळं घेऊन आलेल्या जहाजाची शेवटची वाट स्थानिक माणसाच्या हाती असे. त्याच ग्रंथात भडोचच्या दक्षिणेची बंदरं सांगताना सोपाऱ्याचं नाव येतं. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. आज नालासोपाऱ्याला लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्याला आपण केवढ्या जुन्या बंदरात उतरतोय याचा पत्ता नसतो, आणि त्याला त्यासाठी दोषही देता येत नाही.

किनाऱ्यावर भरतीचा हिशेब घड्याळाशिवाय होतो. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बारा. हे गणित मुंबईच्या आसपास बरोबर बसतं, पालघरकडे भरती थोडी उशिरा येते. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. अमावस्या-पौर्णिमेच्या जोरकस पाण्याला उधाण म्हणायचं, अष्टमीच्या आसपासच्या सुस्त पाण्याला भांग. मासेमारीची सगळी आखणी या दोन शब्दांभोवती फिरते. डोलीचं जाळं प्रवाहाच्या जोरावर उघडं राहतं, म्हणून त्याला उधाण लागतं.

सहलीच्या बोटीला उलट पाहिजे. उधाणाला भरती दुपारी बाराला, म्हणजे पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला खाडी कोरडी. निघायच्या वेळी बोट चिखलात, परतायच्या वेळी खाडीचं तोंड बंद. आता अष्टमी-नवमी घ्या. भरती सकाळी सहा-साडेसहाला आणि पुन्हा संध्याकाळी तेवढ्याच वाजता. उजाडताना भरल्या पाण्यावर खाडीतून बाहेर पडायचं, दुपारची ओहोटी खोल समुद्रात काढायची, दिवस मावळताना पुढच्या खाडीत पुन्हा भरल्या पाण्यावर शिरायचं. भांगाला पाणी उधाणाइतकं चढत नाही हे खरं, पण प्रवाहही नरम असतो, आणि हलक्या बोटीला तेवढं पाणी बहुधा पुरतं.

दिशाही ठरवून घ्यावी लागते. या किनाऱ्यावर भरतीचा ओढा उत्तरेला, खंबायतकडे, ओहोटीचा दक्षिणेला. हिवाळ्यात पहाटेपासून मतलई वारा जमिनीवरून, ईशान्येकडून येतो. दुपारी तो पडतो, थोडा वेळ पाणी काचेसारखं होतं, आणि मग वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. दक्षिणेला निघालेल्या बोटीला सकाळी ओहोटी पुढे ओढते आणि वारा डाव्या पाठीवर मिळतो, दुपारनंतर तो उजव्या पाठीवर येतो. भरती तेवढी विरुद्ध, पण ती भांगाची. म्हणून सफर डहाणूहून अर्नाळ्याला करायची, उलट नाही. डहाणूपर्यंत २०१३ पासून लोकल जाते, तेव्हा सामान फार नसेल तर पश्चिम रेल्वेनेच जावं.

एकूण अंतर तीस सागरी मैलांच्या आसपास, किलोमीटरमध्ये पंचावन्न. सातपाटी बरोबर मध्यावर आहे. तिथे मुक्काम केला तर रोज पंधरा मैल, आणि मंद वाऱ्यातही दिवसाउजेडी होणारे. नकाशा पसरून पाहिला की वाटेतले किल्ले डोळ्यांत भरतात: डहाणू, तारापूर, शिरगाव, माहीम, केळवे, अर्नाळा. वसई पोर्तुगिजांकडे आली १५३४ मध्ये, त्यानंतर दोनशे वर्षं ही साखळी त्यांनी सांभाळली. बहुतेक प्रत्येक किल्ला एखाद्या खाडीच्या तोंडाशी आहे. जिथे भरतीला बोट आत येते तिथे जकात आणि तोफ हे त्यामागचं गणित असावं. केळव्याचा पाणकोट तर खाडीतच उभा आहे, जहाजासारख्या आकाराचा. भरतीला पाण्याने वेढलेला आणि ओहोटीला पायी गाठता येणारा. १७३७ मध्ये अर्नाळा मराठ्यांकडे आला. १७३९ च्या जानेवारीत चिमाजीअप्पांच्या फौजांनी तारापूर घेतलं, त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले, आणि मे महिन्यात वसई पडली. वसईच्या मोहिमेची वर्णनं आपण तटावर चढणाऱ्यांची वाचतो. खाड्यांच्या मुखांवरचा ताबा एकेक करून गेला, ही तिची दुसरी बाजू.

सातपाटीला खाडीत शिरताना भरतीची वाट पाहणं आजही चुकलेलं नाही. मुखाशी गाळ साचतो, आणि पापलेट घेऊन आलेल्या बोटी पाणी चढेपर्यंत बाहेर थांबतात. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला, त्यामागे या गावाचा हात मोठा आहे. ओहोटीला खाडीत पाहावं तर बोटी कुशीवर कललेल्या, पंखे उघडे पडलेले, आणि खलाशी गुडघाभर चिखलातून डबे-कॅन डोक्यावर घेऊन चाललेले.

या गावाच्या मचव्याला एकेकाळी शीड होतं. जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये भारतीय होड्यांच्या बांधणीवर मोठा निबंध लिहिला, त्यात पश्चिम किनाऱ्याच्या बोटींवर अरबी घडणीचा ठसा त्यांनी दाखवला. पुढे लांब कललेली नाळ, मागे रुंद अंग, पुढे झुकलेली डोलकाठी आणि तिच्यावर परभाणाला, म्हणजे तिरक्या आडकाठीला, बांधलेलं एकच मोठं शीड. हेच तिरकं शीड भूमध्यातही शतकानुशतकं चाललं, तेव्हा दोन समुद्रांचं नातं इथेच जुळतं. चालवायला ते सोपं नव्हतं. वाऱ्याची बाजू बदलायची म्हणजे दामण, शिडाचा खालचा दोर, सैल सोडायची, परभाण जवळजवळ उभं करायचं, डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायचं आणि फडफडणारं सगळं कापड पुन्हा ओढून बांधायचं. लाट उठलेली असताना हे काम जमलेल्या खलाशांचंच. तांडेल म्हणूनच बाजू शक्यतो बदलत नसे. सकाळी मतलईवर बाहेर आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर आत, अशी दिवसाची सोय निसर्गानेच करून ठेवली होती.

स्वातंत्र्याच्या आगेमागे बोटींना इंजिनं बसू लागली. सातपाटी या बदलात पुढे होती. सहकारी संस्थांनी कर्ज, डिझेल आणि बर्फाची बाजू सांभाळली. शीड गेलं याचं कोळ्यांना फार दुःख झालं असेल असं मला वाटत नाही. वारा पडला म्हणून मासा सडायचा, ते थांबलं. शिडाचा हळवेपणा किनाऱ्यावर बसलेल्यांना परवडतो. मालवाहू पडाव त्याआधीच मागे पडत चालले होते, कारण १८६४ मध्ये मुंबईहून गुजरातकडे रेल्वे सुरू झाली होती. वैतरणेतून भरतीबरोबर मनोरपर्यंत जाणारी वाहतूक मग हळूहळू रुळांकडे वळली. त्याच वैतरणेवर आता विरारचं मारंबळपाडा ते सफाळ्याकडचं खारवाडेश्री अशी रो-रो बोट २०२५ पासून चालते. रस्त्याचा साठेक किलोमीटरचा वळसा तिने दीड किलोमीटरवर आणला.

मराठी माणसाची कॅटमरान म्हणजे गेटवे ते मांडवा, पाऊण-एक तासाची, डिझेलवर चालणारी. शिडाची कॅटमरान वेगळी. दोन अरुंद होड्या वर तक्तपोशीने जोडलेल्या, मध्ये मोकळी जागा, म्हणून ती कलत नाही. चाळीस फुटी बोटीलाही पाणी लागतं सव्वा मीटरच्या आसपास, आणि ओहोटीला चिखलात बसली तर ती सरळ बसते. फ्रान्सच्या ब्रिटनीत, सेंट-मालोच्या बाजूला, पाणी बारा मीटरपर्यंत चढतं-उतरतं. तिथले लोक मुद्दाम अशा बोटी वाळूवर टेकवतात, तळ घासून घेतात आणि पुढच्या भरतीला निघतात. पालघरने नक्कल करायची तर ब्रिटनीची करावी. सांतोरिनीचं इथे काही चालायचं नाही. अडचण रुंदीची आहे. सात मीटर रुंदीची बोट सातपाटीच्या खाडीत मच्छीमारांच्या बोटींच्या रांगेत घालणं म्हणजे गर्दीच्या लोकलमध्ये सोफा चढवणं. सहलीच्या बोटीने खाडीच्या तोंडाशीच कडेला नांगर टाकावा आणि धंद्याच्या बोटींना वाट द्यावी.

वाटेत एका जागेला आजच वळसा लागतो, दुसरीला पुढे लागेल. तारापूरच्या दक्षिणेला अणुवीज केंद्र आहे. अमेरिकी बनावटीच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या, आणि ५४० मेगावॉटच्या पुढच्या दोन २००५-०६ मध्ये. त्या पुढच्या दोनांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. थंड करायला समुद्राचंच पाणी लागतं म्हणून केंद्र इथे. समोरचा पट्टा सुरक्षेचा, तेव्हा बाहेरूनच जायचं. तिथे किनाऱ्यालगत खडकही आहेत.

दुसरी जागा वाढवण. डहाणूहून निघाल्यावर ती अणुकेंद्राच्याही आधी येते. किनाऱ्यापासून दहा-एक किलोमीटरवर वीस मीटर नैसर्गिक खोली मिळते, म्हणून बंदरवाल्यांची नजर तिच्यावर नव्वदच्या दशकापासून आहे. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये बंदराला नकार दिला. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये परवानगी दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरात भूमिपूजन झालं. खर्चाचा अंदाज ७६ हजार कोटींच्या वर, आणि समुद्रात १,४४८ हेक्टरांचा भराव. मच्छीमारांचा विरोध मासेमारीच्या जागा जाण्याला आहे, आणि तो खोटा नाही. भराव आणि लाटरोधक बांध उभे राहिले की किनाऱ्यालगतच्या प्रवाहाची वाटही बदलेल. डहाणूहून निघालेली बोट आज सरळ दक्षिणेला जाऊ शकते; पुढे तिला बांधाला वळसा घालत कंटेनरच्या जहाजांच्या वाटेवर जावं लागेल. तेव्हा अष्टमीचा हिशेब तोच राहील, अंतर वाढेल.

तोवर करायचं तर हंगाम मार्गशीर्ष ते माघ. भूमध्यात लोक उन्हाळ्यात निघतात, आपला समुद्र त्याच सुमारास बंद होतो. १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. बोट पालघरात भाड्याने मिळत नाही, ती मुंबईहून आणावी लागेल, आणि उत्तरेला आणताना सगळं गणित उलटं करायचं. त्यासाठी भांग सोडून अमावस्या-पौर्णिमेचं उधाण धरायचं. आदल्या रात्री खाडीत न शिरता अर्नाळ्याच्या बाहेर खोल पाण्यात नांगरायचं, पहाटे सहाला भरती लागली की नांगर उचलायचा. बारापर्यंत पाणी उत्तरेला ओढत राहतं, मतलई उजव्या हाताला मिळतो, आणि खारा वारा जोर धरायच्या आत बोट सातपाटीसमोर पोचते. त्या वेळी खाडी काठोकाठ भरलेली असते.